शेगडीतल्या कार्बनची सुटका

अणू बोलत नाहीत असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. बरोबरच शिकवलं. आम्हाला तोंड नाही, आणि बोलायची फुरसत तर त्याहून नाही. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एका बाळंतिणीचा जीव जाता जाता राहिला. तेव्हापासून कोणाला तरी सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं. तुम्ही भेटलात, बरं झालं. मी कार्बनचा एक अणू.

माझं घर लहान आहे. मध्ये केंद्रक आणि भोवती सहा इलेक्ट्रॉन. त्यातले दोन आतल्या खोलीत, ते कधी दाराबाहेर येत नाहीत. उरलेले चार ओसरीवर. ओसरीत जागा मात्र आठांची. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं, ते या चार रिकाम्या जागांपायी घडलं.

रिकाम्या जागेचं दुखणं बहुतेक अणूंना असतं. मिठातलेच दोघे घ्या. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, क्लोरीन तोच घेऊन मोकळा होतो, आणि मग दोघे एकमेकांना चिकटून बसतात. माझं तसं जमत नाही. चार देऊन टाकणं जिवावर येतं आणि चार फुकट कोणी देत नाही. म्हणून मी भागीदारी करतो. दोन शेतांच्या बांधावर एक सामाईक विहीर असते ना, तसं. माझा एक इलेक्ट्रॉन, समोरच्याचा एक, दोघांची मिळून जोडी मध्ये. मी म्हणतो माझी, तो म्हणतो माझी, आणि भांडण होत नाही. त्या जोडीच्या ओढीनंच आम्ही एकमेकांना धरून राहतो. तुमच्या पुस्तकात याला बंध म्हणतात.

चार जागा, म्हणून चार बंध. असे चार हात फार थोड्यांना असतात. त्याचा मला गर्व होता, तो आता उतरलाय.

पंचवीस कोटी वर्षांपूर्वी मी हवेत होतो. तेव्हा वणी नव्हती, यवतमाळ नव्हतं, माणूस तर नव्हताच. दलदलीत मोठाली झाडं उभी होती. त्यातल्या एका झाडाच्या पानानं मला आत ओढलं आणि उन्हाच्या जोरावर माझे जुने बंध तोडून नवे जुळवले. आधी मी साखर झालो, मग लाकूड झालो. झाड पडलं, त्यावर गाळ बसला, गाळावर गाळ बसत गेला. दाबाखाली आणि उष्णतेत शेजारचे ऑक्सिजन, हायड्रोजन एकेक करून निघून गेले. उरलो ते बहुतेक आम्ही कार्बनच. तिघा शेजाऱ्यांना तीन हात दिले होते, आणि चौथा इलेक्ट्रॉन आम्ही सगळ्या आळीत फिरता ठेवला होता. अशी आमची काळी वस्ती झाली. तिथे मी इतका निवांत होतो की वेळ जातो हेच विसरलो.

राजूरच्या खाणीतून मी वर आलो तो एका मोठ्या ढेकळात. ट्रक खड्ड्यात आदळला आणि आमचं ढेकूळ रस्त्याच्या कडेला पडलं. खाणीच्या वाटेवर असा सांडलेला कोळसा वेचायला बाया येतात. रुखमाबाईनं आम्हाला टोपल्यात घातलं.

रुखमाबाई म्हणजे पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचणारी बाई. घरात मुलगा संघदीप, तो राजूर ते वणी ऑटो चालवायचा. आणि त्या वेळी माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी दीपा. जावई पुण्याला कंपनीत होता. दीपाचं हे पहिलं बाळंतपण, मुलगा झाला होता. रुखमाबाईनं चौदा दिवस कामाला सुट्टी दिली होती आणि सगळा जीव त्या बाळंतिणीच्या खोलीत ओतला होता.

इकडे बाळंतिणीला शेक देतात. सकाळी तेल लावून, कडक पाण्यानं न्हाऊ घालून तिला बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. वर ओवा, शेपा टाकायचा. अंगातला ओलावा जावा, कंबर भरून यावी, म्हणून. आणि वारा अजिबात लागू द्यायचा नाही. बाळंतपणात लागलेला वारा म्हातारपणी हाडांतून निघतो, असं रुखमाबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि तिच्या आईनं तिला. म्हणून खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत जुनी गोधडी कोंबलेली होती आणि दाराच्या फटीला लुगडं लावलेलं होतं.

तेरा दिवस शेगडीत गवऱ्या होत्या. त्यांचा धूर इतका व्हायचा की दीपा खोकून दार उघडायला लावायची. चौदाव्या दिवशी, आदल्या रात्रीच्या अवकाळी पावसानं गवऱ्या भिजल्या, म्हणून रुखमाबाईनं आमचं टोपलं पुढे ओढलं.

तिनं काळजी घेतली नाही असं कोणी म्हणू नये. कोळशाचा धूर वाईट, हे खाणीशेजारच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. तिनं शेगडी अंगणात पेटवली आणि अर्धा तास वारा घालत बसली. पिवळा धूर गेला, पांढरा गेला, कोळसे लालबुंद झाले. मगच तिनं शेगडी उचलली.

संघदीप ऑटो पुसत होता. तो म्हणाला, "आई, कोळसा घरात कायले नेऊन राह्यली?"

"धूर दिसते का तुले कुठं? सारा जाऊ देल्ला. धूर गेला की कायचं भेव. तुले काय समजते बाळंतिणीचं?"

तो हसला आणि ऑटो घेऊन गेला. शेगडी आत गेली, दार लागलं.

आता माझी गोष्ट ऐका, कारण चूक तिथे झाली. कोळसा जळतो म्हणजे आमची जुनी भागीदारी मोडते आणि आम्ही ऑक्सिजनशी नवी करतो. जुना बंध तोडायला उष्णता लागते. नवा जुळला की त्याहून जास्त उष्णता बाहेर पडते. तुम्ही शेगडीवर हात शेकता तेव्हा आमच्या नव्या संसारांची ऊब घेत असता. एका कार्बनला दोन ऑक्सिजन मिळाले तर सगळं ठीक. दोन हात इकडे, दोन हात तिकडे, ओसरी भरलेली. मग आम्ही कोणाच्या वाटेला जात नाही.

मलाही दोन मिळाले होते. शेगडीच्या तळाशी हवा लागत होती, तिथे माझं छान जमलं. पण वर निघालो तर वाटेत तापलेल्या कोळशाचा थर. तिथे एक कार्बन अगदी मोकळा, कासावीस होऊन बसलेला. त्यानं माझा एक ऑक्सिजन ओढून घेतला. बंद खोलीत नवीन हवा येत नव्हती, त्यामुळे दुसरा ऑक्सिजन मिळायची आशा नव्हती. दोघांना एकेकच मिळाला.

एका ऑक्सिजनवर भागवायचं म्हणजे फार ओढाताण. मी दोन इलेक्ट्रॉन घातले, त्यानं चार घातले, आणि तीन जोड्या मध्ये ठेवून आम्ही एकमेकांना घट्ट धरलं. माझे उरलेले दोन इलेक्ट्रॉन मात्र पाठीमागे तसेच राहिले. एक अख्खी जोडी, कोणाच्याच वाट्याला नसलेली. ती जोडी कुठेतरी द्यावी अशी मला ओढ लागली होती. मला रंग नव्हता, वास नव्हता, डोळ्यांत पाणी आणणारा धूर नव्हता. रुखमाबाईनं जे पाहून धोका ओळखायचा ते सगळं अंगणातच जळून गेलं होतं.

दीपाच्या श्वासाबरोबर मी आत गेलो. फुप्फुसातून रक्तात उतरलो. तिथे लोहाचे अणू बसले होते. गरोदरपणात आशाताई उर्वशी दर महिन्याला लाल गोळ्या देऊन जायची आणि दीपा नाक दाबून गिळायची, त्यातलं ते लोह. त्याचं काम एकच. फुप्फुसात ऑक्सिजनला हलकेच धरायचं आणि अंगात जिथे हवा तिथे सोडायचं. लोहाकडे जागा होती, माझ्याकडे जोडी होती. मी ती त्याला दिली आणि बसलो.

असा बसलो की उठता येईना. एसटीत एखादा खिडकीची जागा धरून झोपून जातो, तसं झालं. लोहाला ऑक्सिजनपेक्षा माझी ओढ दोनशे पटींहून जास्त, याला मी तरी काय करणार. पण माझ्या जागेवर बसून ऑक्सिजनला जायचं होतं, तिच्या डोक्यापर्यंत, काळजापर्यंत. माझी हजारो, लाखो भावंडं येत होती आणि एकेक जागा अडवत होती. मला कळत होतं. सोडता येत नव्हतं.

"आई, खिडकी थोडीशी उघड न. डोकं ठणकून राह्यलं," दीपा म्हणाली.

"जागरणानं दुखते. वारा लागला त जनमभर दुखन. पड जराशी. मी लेकराले कोवळ्या उन्हात घेऊन बसते."

बाळ थोडं पिवळं दिसत होतं, म्हणून उर्वशीनं त्याला सकाळचं ऊन द्यायला सांगितलं होतं. रुखमाबाई त्याला दुपट्यात गुंडाळून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. ते बाळ त्या दिवशी पिवळं नसतं तर ते आईच्या कुशीतच असतं. मी हा विचार पुढे नेत नाही.

थोड्या वेळानं दीपाला उठायचं होतं. तिनं पाय खाली सोडले, पण पायांनी ऐकलं नाही. तिनं हाक मारली, ती तिच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचली असेल तर तेवढीच. मग ती आडवी झाली. तिचं काळीज धावत होतं, रिकाम्या टोपल्या वाहत होतं.

बाहेर बाळ रडायला लागलं. शेजारची सत्यभामा कुंपणापाशी आली.

"भूक लागली वाटते त्याले."

"आत्ताच त पाजलं होतं. दीपा झोपली हाय."

"मंग झोपू द्या तिले. रातभर जागली असन."

दोघी मायेनंच बोलत होत्या. बाळ रडत होतं. मी आतून ऐकत होतो आणि त्या बाळाला म्हणत होतो, रड बाबा, अजून मोठ्यानं रड.

चौदाव्या दिवशी बाळाचं वजन करायला आशाताई येते. उर्वशी खांद्याला पिशवी अडकवून फाटकातून आली. तिनं काटा बाहेर काढला, बाळाकडे पाहिलं, मग बंद दाराकडे पाहिलं.

"मावशी, दीपा कुठं हाय?"

"झोपली हाय व. शेक देल्ला, डोळा लागला."

"लेकरू एवढं रडते अन् तिले जाग नाही? कायचा शेक देल्ला?"

"कोळशाचा. पन धूर सारा बाहेर काढला ताई, इचारा सत्यभामेले."

उर्वशीनं काटा तिथेच टाकला आणि दार लोटलं. रुखमाबाई बाळ सत्यभामेकडे देऊन तिच्या मागोमाग आत आली आणि सवयीनं दार लावून घेतलं.

"दार लावू नका मावशी."

"वारा लागन तिले."

"लागू द्या."

उर्वशीनं खिडकीतली गोधडी ओढून काढली. रुखमाबाईनं मुलीकडे पाहिलं. दीपाचे गाल चांगले गुलाबी दिसत होते. मी लोहावर बसलो की रक्त असं लालबुंद दिसतं. "तोंड त कसं टवटवीत हाय," ती म्हणाली, आणि तिला हलवलं. मान एका बाजूला गेली. मग मात्र त्या खणखणीत आवाजाच्या बाईला आवाज फुटेना.

बाज दारातून निघेना, म्हणून दोघींनी दीपालाच उचलून अंगणात आणलं. दवाखान्याची गाडी बोलवायला उर्वशीनं फोन लावला, गाडी लांब होती. मग संघदीपला लावला. तो स्टँडवर सवारीची वाट पाहत होता, दहा मिनिटांत आला. बाळ सत्यभामेकडेच ठेवून दोघी दीपाला घेऊन ऑटोत बसल्या. ऑटो सुरू होताच रुखमाबाई सत्यभामेला म्हणाली, "लेकरू माह्याजवळ द्या," आणि हात बाहेर काढून तिनं ते घेतलंच. ऑटोत दोन्ही बाजूंनी थंड वारा येत होता. रुखमाबाईनं पदर दीपाच्या तोंडावर ओढला. उर्वशीनं काढला. दोन मिनिटांनी रुखमाबाईच्या हातानं पुन्हा ओढला, उर्वशीनं पुन्हा काढला. त्या हाताचा काही दोष नव्हता, पन्नास वर्षं तो तेच शिकला होता.

वणीच्या दवाखान्यात डॉक्टरनी एकच प्रश्न विचारला, "कोळशाची शेगडी होती का?" उर्वशी हो म्हणाली. त्यांनी दीपाच्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि ऑक्सिजनची नळी पूर्ण सोडली. रुखमाबाईला त्यांनी सांगितलं, "आणलं वेळेवर. पण शुद्धीवर येईपर्यंत मी काही बोलत नाही."

आता आत काय झालं ते सांगतो. माझा लोहाशी जुळलेला बंध घट्ट होता, पण कायमचा नव्हता. असे बंध मधूनमधून सैल पडतात, क्षणभरच. मी हलतो आणि पुन्हा तिथेच बसतो, कारण आजूबाजूला जागा घेणारं कोणी नसतं. पण आता गर्दी आली. ऑक्सिजन, ऑक्सिजन आणि ऑक्सिजन. माझ्यासमोर इतके उभे होते की मी एकदा जरा हललो असतो तर माझी जागा गेली असती. मी कधी कोणाकडून हरायची इतकी वाट पाहिली नव्हती.

एकेक भावंड सुटू लागलं. माझा नंबर लवकर लागेना. एक तास गेला. रुखमाबाई पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली होती, बाळ मांडीवर. उर्वशीनं वाटीत वरचं दूध आणून चमच्यानं पाजलं होतं, पण ते नीट पीत नव्हतं.

"म्याच मारलं अस्तं माह्या पोरीले," रुखमाबाई म्हणाली. "ते खिडकी उघड म्हने. म्या नाही उघडली."

"धूर दिसला अस्ता त उघडलीच अस्ती तुम्ही."

"तेच त. धूर नव्हता व."

उर्वशीनं रुखमाबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. संघदीप दारात उभा होता. सकाळी आपण हसून का गेलो, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसरा तास सरत आला तेव्हा माझा बंध सैल पडला. मी हललो, आणि परत बसायला वळलो तर जागा भरलेली. माझी इलेक्ट्रॉनची जोडी माझ्याकडे परत आली होती. खरं सांगतो, पंचवीस कोटी वर्षांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. रक्तानं मला फुप्फुसात आणून सोडलं. मी तिथे थांबलो होतो, पुढच्या श्वासाची वाट पाहत.

दीपानं डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग कुशीजवळ हात फिरवला. तिथे काही नव्हतं. तिनं मास्क बाजूला सरकवला.

"आई, लेकरू कुठं हाय?"

"हे काय, माह्यापाशी हाय."

"दे इकडं. भुकेलं असन."

त्या शब्दांबरोबर मी बाहेर पडलो. मागे रुखमाबाई रडत होती, आता कुठे तिचा खणखणीत आवाज परत आला होता. बाळही रडत होतं, पण त्या रडण्याला आता कोणी घाबरत नव्हतं. डॉक्टर हसून म्हणाले, "आधी मास्क लावा, मग पाजा. दोन्ही होईल."

मी दवाखान्याच्या खिडकीतून निघालो आणि दोनेक महिने तसाच भटकलो, अर्धवट. माझ्या पाठीवरची ती मोकळी जोडी मला भीती घालत होती. कोणी जवळ श्वास घेतला की मी अंग चोरायचो. मग खूप उंचावर, झरी जामणीच्या जंगलावर कुठेतरी, मला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडगोळी भेटली. त्या ऑक्सिजनकडे एक इलेक्ट्रॉन एकटा पडला होता, त्यामुळे तोही माझ्यासारखाच अस्वस्थ. तो माझ्याकडे आला, हायड्रोजन आपल्या वाटेनं गेला. आता माझे दोन हात इकडे, दोन हात तिकडे. पाठीमागे काही शिल्लक नाही. लोहाला द्यायला माझ्याकडे काही उरलेलंच नाही.

मी कोणाला उपदेश करायच्या लायकीचा नाही, पण एवढं मागतो. शेक द्या, ऊब द्या, बाळंतिणीला जपाच. फक्त शेगडी तिच्या खोलीत नेऊ नका. बाहेर पाणी तापवा, फडकं गरम करा, त्यानं शेका. निखारा लाल झाला, धूर सरला, म्हणून आम्ही निवलो असं समजू नका. त्याच वेळी आम्ही सगळ्यात जास्त उपाशी असतो.

परवा झरीच्या बसथांब्यावर खाली उतरलो होतो. एक म्हातारा पळसाच्या पानांचा भारा शेजारी ठेवून बसला होता. त्यानं दम घ्यायला लांब श्वास घेतला आणि मी आत गेलो. मी घाबरलोच. रक्त आलं, लोह आलं. लोहानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हाताऱ्यानं श्वास सोडला, मी बाहेर आलो, आणि तो भारा डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागला.